अठ्ठ्याण्णवची कृपा

“ज्या घरात माझं प्राणयंत्र असेल, त्या घराच्या उंबऱ्यावरून यमदूत आल्या पावली परत जाईल!”

ही घोषणा प्राणेश्वर महाराजांनी दोनदा केली. पहिल्यांदा केली तेव्हा त्यांचा माइक बंद होता. पडद्यावरच्या चौकोनाचौकोनांत हात जोडून बसलेल्या झाशीकरांना नुसते हलणारे ओठ दिसले, आणि तेवढ्यानंही निम्म्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग कोणीतरी खाली लिहिलं, “महाराजजी, आप म्यूट पर हैं.” महाराज गूढ हसले, बाजूला कोणाला तरी एक शिवी हासडली, आणि त्या शिवीच्या आत माइक सुरू झालेला असल्यामुळे ती सर्वांना प्रसादासारखी मिळाली. त्यानंतर यमदूत दुसऱ्यांदा परत गेला.

साल दोन हजार एकवीस, एप्रिलची अखेर. झाशीत दुपारी रस्त्यावर ऊन आणि अँब्युलन्स एवढंच दिसायचं. दवाखान्यात खाट नाही, दुकानात औषध नाही, आणि ज्याला फोन करावा तो स्वतःच कोणाला तरी फोन करत बसलेला. अशा वेळी महाराज रोज संध्याकाळी मोबाइलवर सत्संग घ्यायचे. झाशीजवळच्या एरच गावी बेतवेच्या काठी बसून ते सरळ आपल्याशी बोलतात, असं सांगितलं जायचं. त्यांच्या पाठीमागे बेतवा वाहतही असायची. मात्र आशीर्वादाला हात उचलला की कोपर नदीत गायब व्हायचं, आणि नदीच्या आतून कुठून तरी प्रेशर कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या.

“नदीवर वरण शिजतंय,” आबासाहेब म्हणाले.

आबासाहेब म्हणजे शलाकाचे आजोबा. झाशीच्या रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेले, चार दिवसांपूर्वी ताप आलेले, आणि आता मागच्या खोलीत एकटे पडलेले. शलाका दाराबाहेर खुर्ची टाकून, मास्क लावून बसायची. तिची आई वसुंधरा दारात ताट ठेवून मागे सरकायची. बाबा रेल्वेतच, ड्यूटीवर बीना जंक्शनला अडकलेले.

पडद्यावर चमत्कार सुरू झाला होता. बड़ा बाज़ारातले एक कापडवाले शेठजी पलंगावर बसले होते. त्यांनी बोटात साधा ऑक्सिमीटर अडकवून कॅमेऱ्यासमोर धरला. नव्वद. सगळ्या चौकोनांतून ‘अरे राम’ उमटलं. महाराजांनी डोळे मिटले, नाकातून एक लांबलचक हुंकार काढला. शेठजींनी साधं यंत्र काढलं, महाराजांचं प्राणयंत्र घातलं. अठ्ठ्याण्णव!

“जय हो! जय हो!” पडदा भरून गेला.

“साधी मशीन शरीर नापती है,” महाराज म्हणाले. “प्राणयंत्र आत्मा नापता है. और आत्मा, मेरे बच्चो, कभी नब्बे पर नहीं आती.”

“काय लबाड माणूस आहे!” आबासाहेब कौतुकानं म्हणाले आणि आपल्या बोटातल्या प्राणयंत्राकडे पाहिलं. त्यावर महाराजांच्या फोटोचा गोल स्टिकर होता आणि खाली आकडा होता अठ्ठ्याण्णव.

“आबा, लबाड आहे म्हणता, मग ते घालून का बसले हो तुम्ही?” शलाकानं विचारलं. शलाका औषधनिर्माणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला. जन्म झाशीचा, शाळा हिंदी, त्यामुळे तिची मराठी घाईत असली की हिंदीच्या रुळावर जायची.

“बुवा लबाड आहे. काटा कशाला लबाड असेल?” आबासाहेब म्हणाले. “पस्तीस वर्षं मी वॅगनच्या ब्रेकचं प्रेशर बघितलं. ड्रायव्हर खोटं बोलतो, साहेब खोटं बोलतो. काटा बोलत नाही. आणि हे तर तुमच्या ग्रुपवरूनच आलंय की! हिरव्या खुणेसकट.”

 आणि ते खरं होतं.

*

ग्रुपचं नाव होतं ‘झाशी सोबत’. जन्माच्या वेळी त्याचं नाव ‘गणपती डेकोरेशन’ असं होतं. झाशीतल्या मराठी घरांतली पोरंपोरी, थर्माकोल कोणी आणायचा यावर त्यात वर्षभर भांडत. साथीचा दुसरा फेरा आला आणि भांडण थांबलं. कोणीतरी लिहिलं, “काकांना सिलिंडर पाहिजे, कुठे मिळेल?” आणि दुसऱ्यानं, “शोधतो.” तिथून ग्रुप वाढत गेला. शेजारचे तिवारी आले, सक्सेना आले, खानसाहेबांची मुलगी आली. फोटो मात्र मोदकाचाच राहिला, तो बदलायला कोणाला सवड नव्हती.

पोरं राबत होती, यात शंका नाही. डबे पोचवत होती. एकटी राहणारी म्हातारी माणसं रोज सकाळी ग्रुपवर ‘चहा झाला’ एवढंच लिहीत, आणि ज्यांचं येत नसे त्यांच्या फाटकाशी कोणीतरी स्कूटर घेऊन जाऊन हाका मारी. साऱ्या ग्रुपात खरा ऑक्सिमीटर एकच होता. तो कापडी पिशवीतून या घराच्या फाटकावरून त्या घराच्या फाटकावर फिरायचा, देवीच्या पालखीसारखा, फक्त सॅनिटायझरचा वास मारत.

आणि पोरांचा एक कडक नियम होता. कुठूनही आलेला नंबर तसाच पुढे ढकलायचा नाही. आधी स्वतः फोन करायचा. ‘आहे का?’ विचारायचं. ‘आहे’ म्हणाले की हिरवी खूण लावायची. नियम उत्तमच होता. पण दिवसभर फोन लावलेल्या शंभर नंबरांतले पंच्याण्णव बंद, उरलेले रडवेले. त्या दिवसांत कोणी फोन उचलला हाच इतका मोठा आनंद असायचा, की पुढचा प्रश्न सुचायचाच नाही.

प्राणयंत्राचा नंबर शलाकाचा कॉलेजमधला मित्र रोहित यानं लावला होता. पहिल्याच रिंगला उचलला गेला. तिकडून मधाळ आवाज आला, “राधे राधे! हाँ जी, हैं. कितने भेजें?”

रोहितला भरून आलं. आठवडाभरात त्याला ‘हैं’ म्हणणारा हा पहिला माणूस. त्यानं शलाकाला कळवलं, शलाकानं हिरवी खूण लावली: ‘ऑक्सिजन मोजायचं यंत्र, उपलब्ध.’ महाराजांचा फोटो तिनं पाहिला होता. तो जाहिरातीचा भाग असेल असं तिला वाटलं. तसा तो होताच.

अशा रीतीनं झाशीच्या सगळ्यात हुशार पोरांनी, एका लबाडाला, झाशीतली सगळ्यात विश्वासार्ह खूण लावून घरोघर पोचवलं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मनस्वीचा फोन आला. मनस्वी ग्रुपातली, इलाइट चौराह्यापलीकडे राहणारी. सगळ्यांत जास्त डबे तिनं पोचवले होते.

“शलाका,” ती अगदी सपाट आवाजात म्हणाली, “आई गेली.”

“इंदिराकाकू? कधी? कशी काय?”

“सकाळी. तिला दम लागत होता गं. पण अठ्ठ्याण्णव होते. मी दर थोड्या वेळानं बघत होते. अठ्ठ्याण्णव आहेत म्हणून मी कोणाला बोलावलं नाही. लोकांना खरंच गरज आहे, आपण कशाला जागा अडवायची, म्हटलं.” ती थांबली. “शलाका, एक सांगू? यंत्र अजून तिच्या बोटात आहे. काढायची हिंमत होत नाहीये. अजून अठ्ठ्याण्णवच दाखवतंय.”

शलाका फोन घेऊन अंगणात गेली.

“शेजारच्या मिश्राइनजी म्हणाल्या, पुण्यवान होती, म्हणून प्राण गेले तरी प्राणवायू गेला नाही. महाराजांना फोन केला त्यांनी. महाराज म्हणाले, हे सत्संगात सांगू.” मनस्वीचा आवाज आता हलला. “तू शिकतेस ना यातलं? असं होतं का कधी?”

“नाही,” शलाका म्हणाली. “नाही होत, मनस्वी.”

फोन ठेवून तिनं आधी ग्रुप उघडला आणि आपली हिरवी खूण पुसायला गेली. संदेश पुसायची मुदत उलटून गेली होती. शिवाय तो संदेश आता तिचा राहिला नव्हता. मामाच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, ग्वाल्हेरच्या मावशीच्या ग्रुपवर, हिरव्या खुणेसकट तो कुठे कुठे पोचला होता ते बेतवाच जाणे. तिनं लिहिलं, “प्राणयंत्र वापरू नका, खराब आहे.” खाली कोणीतरी लगेच विचारलं, “हे वेरिफाइड आहे का?”

तेवढ्यात रोहितचा फोन. धावत बोलत होता. “सुन, बेड मिला है! आबांसाठी. ऑक्सिजनवाला. पण लगेच निघायला पाहिजे, ते लोक थांबणार नाही. मी गाडी घेऊन येतोय.”

शलाका मागच्या खोलीच्या दाराशी गेली. आबासाहेब उशीला टेकून बसले होते. एका वाक्यात तीनदा थांबत होते.

“आबा, चला. बेड मिळाला.”

“कोणाला?”

“तुम्हाला!”

“मला कशाला?” त्यांनी बोट वर केलं. “अठ्ठ्याण्णव. लोक… बाहेर रस्त्यावर… मरतायत. त्यांना द्या.”

“आबा, तुम्हाला श्वास नाही घेता येत आहे!”

“म्हातारपण आहे. आणि… उकाडा.”

“आबासाहेब, ऐका हो पोरीचं,” वसुंधरा मागून म्हणाली. तिच्या हातात सुरी होती आणि डोळ्यांत पाणी. दुपारच्या भाजीला ती भेंडी चिरत होती.

ग्रुपचा खरा ऑक्सिमीटर पुढच्या घरी जाण्यासाठी सुदैवानं सकाळीच त्यांच्या फाटकावर आला होता. शलाकानं तो पुढे केला. आबासाहेबांनी दुसऱ्या बोटात घातला. आकडा वरखाली झाला, थांबला. शहाऐंशी.

“बघा!”

“बघितलं.” त्यांनी दोन्ही हात शेजारी शेजारी धरले. एका बोटात शहाऐंशी, एका बोटात अठ्ठ्याण्णव. आजारी माणसाच्या चेहऱ्यावर जुनं वर्कशॉप उगवलं. “दोन काटे. एक खोटा. कुठला? तुझा… चाळीस घरं फिरून आलाय. हा नवा कोरा. मी साहेब असतो तर… तुझा मोडीत काढला असता.”

बोलणं चुकीचं नव्हतं, हीच पंचाईत होती. बाहेर रोहितचा हॉर्न वाजला. शलाकानं कपाळाला हात लावला. माणूस अडाणी असता तर घाबरवता आला असता, भक्त असता तर शपथ घालता आली असती. आकड्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला खोटा आकडा मिळाला तर काय करायचं?

“आबा,” ती एकदम म्हणाली, “वर्कशॉपात काटा खराब आहे का बघायला काय करायचे तुम्ही?”

“पाइप सोडवायचा. काही जोडलेलं नसताना… शून्यावर आला पाहिजे.”

“आणि नाही आला तर?”

“तर काटा नव्हे तो. घड्याळ आहे भिंतीवरचं.”

शलाका स्वयंपाकघरात धावली आणि परातीतली एक भेंडी घेऊन आली. चांगली बोटाएवढी. आधी ती खऱ्या ऑक्सिमीटरमध्ये घातली. यंत्रानं दोन आडव्या रेघा दाखवल्या आणि हात टेकले. मग तीच भेंडी तिनं प्राणयंत्रात अडकवली आणि आबासाहेबांसमोर धरली.

यंत्र क्षणभर विचारात पडल्यासारखं लुकलुकलं. सत्त्याण्णव. मग अठ्ठ्याण्णव. नाडी बहात्तर.

 वसुंधरानं भेंडीकडे पाहून नकळत पदर सारखा केला.

“तब्येत उत्तम आहे,” अखेर आबासाहेब म्हणाले. “माझ्यापेक्षा.” आणि त्यांनी पाय खाली सोडले. “चप्पल कुठंय माझी?”

*

ते दवाखान्यात पोचले तोवर ती खाट गेली होती. दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. त्याचं वाईटही वाटून घेता येईना. जिन्याखाली एका स्ट्रेचरवर आबासाहेबांना आडवं केलं, सिलिंडर लावला, आणि नर्सनं दार लावून घेतलं. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं. बाहेर म्हणजे घरी.

“मी इतका वेळ घालवला त्यांना समजवण्यात,” शलाका गाडीत म्हणाली.

“तू नाही घालवला,” रोहित म्हणाला.  “फोन मी केला होता ना. ‘हैं’ सुनते ही मैं खुश हो गया, यार. ‘क्या हैं’ विचारलंच नाही.”

घरी आल्यावर आबासाहेबांचा फोन लावला. बंद. दवाखान्याचा लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. आता फोन न उचलणाऱ्यांच्या यादीत आपलंच माणूस होतं.

संध्याकाळी सत्संग सुरू झाला. बेतवा वाहू लागली. महाराजांनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, की आज एक पुण्यवती माता देह सोडून गेली, पण तिचा प्राणवायू अठ्ठ्याण्णववर अढळ राहिला. “विज्ञान इसका उत्तर दे!” ते गरजले.

शलाकानं कॅमेरा सुरू केला. माइक सुरू केला. “महाराजजी, उत्तर है,” ती म्हणाली आणि प्राणयंत्रासकट भेंडी कॅमेऱ्यासमोर धरली. “ये भिंडी है. इसका भी अट्ठानबे है.”

सगळे चौकोन स्तब्ध झाले. बड़ा बाज़ारातले शेठजी पडद्याजवळ येऊन चष्मा पुसू लागले. क्षणभर, अगदी क्षणभर, शलाकाला वाटलं की झालं.

महाराजांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांत कारुण्य ओसंडत होतं. “बेटी,” ते म्हणाले, “तूने तो मेरी बात सिद्ध कर दी. वनस्पति में भी प्राण है! यह तो तुम्हारा विज्ञान भी मानता है. धन्य है वह भिंडी!”

“जय हो! जय हो!” पडदा भरून गेला. कोणीतरी फुलं पाठवली.

शलाकानं घाईघाईनं भेंडी काढली आणि यंत्रात दात घासायचा ब्रश अडकवला. ब्रशाचाही अठ्ठ्याण्णव आला. पण तोवर तिचा माइक बंद करण्यात आला होता, आणि ती ब्रश नाचवीत ओरडते आहे असं सर्वांना दिसलं. मग चौकोनच गेला. शेवटचं वाक्य तिच्या कानी पडलं ते असं: “बच्ची के घर में कोई बीमार होगा, क्षमा करो.”

पलीकडच्या खुर्चीत, मास्क लावून बसलेल्या रोहितनं काही न बोलता खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. महाराजांचा स्टिकर सोलला तर त्याखाली खेळण्यांच्या कंपनीचं नाव निघालं. आत एक सेल, एक लाल दिवा, एक चिप, आणि चाप मिटला की दाबला जाणारा एक चिमुकला खटका. बस. खऱ्या यंत्रात दिव्यासमोर एक डोळा असतो. तो बोटातून पार आलेला प्रकाश वाचतो आणि रक्तात प्राणवायू किती ते ठरवतो. इथे डोळाच नव्हता. खटका दाबला गेला की चिप सत्त्याण्णव ते नव्व्याण्णवमधले आकडे आळीपाळीनं दाखवायची. बोट असो, भेंडी असो, इंदिराकाकूंचा थंड पडलेला हात असो.

“इतकंच?” वसुंधरानं दारातून विचारलं.

“इतकंच, काकू.”

तिनं पुढे होऊन तो खटका एकदा बोटानं दाबून पाहिला. मग आत गेली आणि कोणाला नको असलेली भाजी फोडणीला टाकली.

शलाकानं सुट्या यंत्राचा फोटो काढला आणि ग्रुपवर लिहायला बसली. मराठीत लिहिलं, मग तेच हिंदीत. आयुष्यात एवढं लांब तिनं कुठेच लिहिलं नव्हतं.

“सगळ्यांना नमस्कार. हे यंत्र खोटं आहे. आत मोजणारं काही नाही, फोटो पाहा. तुमच्याकडे असेल तर पेन, ब्रश, चमचा, काहीही अडकवून स्वतः बघा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका, करून बघा. दम लागत असेल, ओठ निळे दिसत असतील, माणूस गुंगीत असेल, तर आकडा काहीही असो, वाट बघू नका, डॉक्टरला गाठा. यावर हिरवी खूण मी लावली होती. आम्ही ‘आहे का’ एवढंच विचारलं, ‘काय आहे’ ते विचारलं नाही. इंदिराकाकू त्यामुळे गेल्या असतील. सांगणारा महाराज असो, डॉक्टर असो, की आमचा ग्रुप असो, आधी विचारा: हे कशावरून? एवढा एकच प्रश्न. तो विचारायला पैसे लागत नाहीत आणि बेडही लागत नाही.”

पाठवलं. निळ्या खुणा उमटत गेल्या. माणसं वाचत होती.

बराच वेळ काही आलं नाही. मग एक जोडलेले हात आले. मग तिवारीजींनी गुलाबाच्या चित्रावर ‘सुप्रभात’ पाठवलं. वाजले होते संध्याकाळचे आठ. मग जाईमावशींनी विचारलं, “शलाका, सत्संगात दाखवलीस ती भेंडी कुठे मिळाली? आमच्या गल्लीत भाजीवाला येत नाही.” आणखी कोणी लिहिलं, “चांगली माहिती, पण सत्संगात तर वेगळं सांगितलं.” दोन घरांनी मात्र वेगळ्यानं, गुपचूप, खरा ऑक्सिमीटर मागितला. रोहित पिशवी घेऊन उठला.

आणि मनस्वीनं लिहिलं, “मी ते आईच्या बोटातून काढलं. चमचा घालून बघितला.” पुढे काही नाही.

शलाकानं फोन पालथा ठेवला. दोन घरं. यंत्रं किती गेली होती ते कोणालाच माहीत नव्हतं. आणि जिन्याखालच्या स्ट्रेचरवर काय चाललंय हे सांगणारं या जगात खरं किंवा खोटं कुठलंच यंत्र तिच्याजवळ नव्हतं.

फोन वाजला. अनोळखी नंबर. तिनं झटकन उचलला.

“हॅलो?”

पलीकडे आधी नुसती घरघर, सिलिंडरची असावी. मग आवाज आला, बारीक, पण चिडका.

“शलाका? आबा बोलतोय. शेजारच्या पेशंटचा फोन आहे, लवकर ऐक. माझा बंद पडलाय. चार्जर पाठव. जाड पिनचा. बारीक पिनचा पाठवू नकोस.”